उपाशी सुरी, जेवलेली सुरी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डाव्या हातातल्या कुंचल्यावर मेणाची पट्टी लोंबत होती. सकाळचे साडेनऊ. टेबलावर फोन थरथरत होता, त्यावर सतीशचं नाव दिसत होतं, आणि सतीश, म्हणजे अक्काचा भाचा, या वेळेला दुसऱ्या कशासाठी फोन करणार नाही हे मला कळलं होतं. तरी मी पट्टी कोमट पाण्यावर सोडली, सुरकुत्या जाईपर्यंत थांबले, काचेवर उचलून घेतली, काचेवर नंबर लिहिला आणि मग फोन उचलला. "आत्या गेली, मंजूताई," तो म्हणाला. "झोपेतच. पहाटे कधीतरी." मी "बरं" म्हणाले... "बरं" काय म्हणाले, देव जाणे. नंतर बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तू माणूस आहेस की कोण? पण पट्टी अर्धवट टाकून मी फोन घेतला असता तर सगळ्यात जास्त अक्काच चिडली असती. ती पट्टी कुणाच्या तरी पोटातल्या गाठीची होती, आणि त्या माणसाचा दुसरा तुकडा आमच्याकडे नव्हता.

याला आता पाच आठवडे झाले. विमलाक्का कोण, असं वाचणारे विचारतील, आणि ते बरोबरच आहे, कारण तिचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. बेंगळुरूतल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिने तीसेक वर्षं काप काढले. डॉक्टर शरीरातून तपासणीसाठी जो तुकडा काढतात तो मेणात घट्ट बसवायचा, यंत्रावर चढवायचा आणि सुरीने त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे. ते काचेवर घेऊन रंगवले की मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून सांगतात, काय आहे आणि काय नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. काप काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. पण काप बिघडला तर जगातला सगळ्यात मोठा डॉक्टरही नुसता डोळे चोळत बसेल. अक्काबद्दल मला पुष्कळ सांगता येईल, पण गेले पाच आठवडे डोळ्यांसमोर येतो तो एकच दिवस... तिच्या स्वतःच्या मणक्याचा तुकडा माझ्या यंत्रावर होता, आणि तो माझ्या हातून वाया गेला असता तर दुसरा मिळणार नव्हता.

मी पुण्याहून इथे आले तेव्हा मला सगळं आधीच येत होतं. पुण्याहून येणाऱ्या माणसाची ही अडचण असतेच. अक्का निपाणीजवळच्या एका गावची. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि दोन्हींचं एकमेकांत इतकं येणं-जाणं की कुठली भाषा कुठे संपते ते तिलाही ठाऊक नसावं. स्वतःबद्दल ती "मी येतो, मी बसतो" असं बोलायची, तिकडच्या बायका बोलतात तसं, आणि मी पहिल्याच दिवशी ते सुधारायला गेले. "सरी," म्हणजे कानडीत 'ठीक', ती म्हणाली, "तू बोलायचं शिकव, मी कापायचं शिकवतो." लग्न तिने केलं नव्हतं. का नाही, हे मी एकदाच विचारलं, तर "सवड कुठं झाली?" एवढंच उत्तर मिळालं. येलहंक्याला भाच्याकडे राहायची आणि दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये हजर असायची. तोंडावर मी तिला नेहमी "तुम्ही" म्हणत आले, मनात मात्र "तू"च होतं. इथे मनातलंच लिहिते आहे.

आता बहुतेक काम वापरून फेकायच्या पात्यांवर होतं. पण अक्काच्या कपाटात लाकडी पेटीत दोन जुन्या पोलादी सुऱ्या होत्या, वीतभर लांब आणि हातात घेतल्या की मनगट खाली जावं इतक्या जड. एकीच्या दोन्ही बाजू आत खोलगट घासलेल्या, पोट खपाटीला गेल्यासारख्या. दुसरीच्या बाजू कण्यापासून, म्हणजे वरच्या बोथट कडेपासून, धारेपर्यंत सरळ सपाट उतरत आलेल्या. पहिलीला अक्का "उपाशी" म्हणायची आणि दुसरीला "जेवलेली". मला अर्थातच उपाशी आवडली. ती निसण्याच्या दगडावर ठेवली की कणा आणि धार एवढंच टेकतं, मधलं पोट वरच राहतं, त्यामुळे धार चटकन लागते. आणि धारेच्या मागे पोलाद इतकं थोडं की मऊ तुकड्यातून ती जाते तेव्हा हाताला काही लागतसुद्धा नाही. जेवलेली अख्खी टेकते. तिच्यावर दिवसभर घासत बसा, दंड भरून येतात, आणि एवढं करून ती उपाशीइतकी चपळ होतच नाही. मी म्हटलं, मग ही ठेवायचीच कशाला?

अक्का वाद घालणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी घरून तिने भाजीच्या दोन सुऱ्या आणल्या, एक खोलगट घासणीची, एक सपाट, आणि पिशवीत टोमॅटो आणि लाल भोपळ्याची मोठी फोड. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला कापायला बसवलं. टोमॅटोत उपाशी अशी गेली की मी विजयाने तिच्याकडे पाहिलं. मग भोपळा. सुरी दोन बोटं आत गेली आणि जिथे जाड व्हायला लागते तिथे अडकून बसली. मी जोर केला तसं पातं वाकायला लागलं आणि काप तिरका फुटला. सपाट सुरीला पहिल्यापासून जोर लावावा लागला, पण ती सरळ खाली गेली आणि फोडीची दोन्ही अंगं आरशासारखी निघाली. "धार किती आहे ते मागनं बघ," अक्का म्हणाली. "धारेच्या पाठीमागं काय हाय ते आधी बघ की." मी मान डोलावली. ऐकलं सगळं, शिरलं काहीच नाही, आणि भोपळ्याची भाजी मात्र तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आणली.

माझी चूक झाली ती दुसऱ्या वर्षी. अक्का भाचीच्या साखरपुड्याला निपाणीला गेली होती. आनेकलकडच्या एका माणसाच्या कमरेच्या हाडातला तुकडा आला होता, पेन्सिलीच्या शिशाएवढा जाड आणि नखाएवढा लांब. हाड असं कापता येत नाही. आधी आम्लात ठेवून त्यातला चुना काढून टाकावा लागतो, मग ते मऊ होतं. फेकायची दोन पाती त्याच्यावर खराब झाली तेव्हा मी पेटी उघडली. उपाशीला मी स्वतः आठ दिवस धार लावली होती. मला ती मिरवायची होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. पहिले काप सुरेख आले. मग आत कुठेतरी चुन्याचा एक कण राहिला होता त्याला धार लागली, सुरी थरारली, आणि कापावर खिडकीच्या झडपांसारख्या रेघा उमटल्या. त्या क्षणी थांबायचं असतं. मी थांबले नाही. अजून थोडं खाली गेलं की कण संपेल, या आशेवर यंत्राचं चाक फिरवत राहिले, आणि प्रत्येक फेरीला त्या माणसाचं थोडं थोडं हाड चुरा होऊन खाली पडत राहिलं... हात थांबला तेव्हा मेणात फारसं काही उरलंच नव्हतं.

अक्का परत आली. उरलेलं तिने जेवलेल्या सुरीवर चढवून चार काप काढले, पण आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी बघितले आणि मान हलवली. अशा वेळी रिपोर्टवर "नमुना अपुरा" असं लिहायची पद्धत आहे, आणि ते वाचून कुणी कुणाला काही विचारत नाही. अक्काने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. "नमुना पुरेसा होता," ती म्हणाली. "आपण अपुरा केलो." आणि मला खाली काउंटरवर पाठवलं, जिथे त्या माणसाची बायको रिपोर्ट न्यायला आली होती. माझ्या हातून तुकडा खराब झाला, असं मी मोडक्या कानडीत सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "मत्ते चुच्चबेका?" परत टोचावं लागेल का? मी हो म्हटलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने मानेवरचा घाम पुसला. अक्का जिन्यात उभी राहून हे बघत होती. ती माझ्या बचावाला आली नाही, मला ओरडलीही नाही, आणि त्या दिवसाचा मला तिचा इतका राग आला होता की आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

अक्का निवृत्त झाली आणि दोन वर्षांनी तिची पाठ दुखायला लागली. आधी तेल, मग शेक, मग कुणीतरी सांगितलेला काढा. शेवटी फोटो काढला तर मणक्यात काहीतरी दिसलं. ते नेमकं काय, हे हाडाचा तुकडा काढल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय औषध ठरणार नव्हतं. तुकडा काढताना रक्त थांबेना, म्हणून तिला पाऊण तास पालथं झोपवून ठेवावं लागलं. पुन्हा हे करणं धोक्याचं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं. अक्काने त्याच्यापुढे जाऊन सांगितलं की पुन्हा मी करू देणारच नाही. मग मला फोन. "तुकडा आपल्या लॅबला पाठवायला सांगितलोय. तू कापायचंस." मी म्हटलं, अक्का, मी नाही कापणार, बोम्मसंद्र्याला मोठी लॅब आहे, तिकडे देऊ. "तिकडं कोण हाय माझ्या ओळखीचं?" आणि मग तीच म्हणाली, "मंजू, माझा हात आता थरथरतो बघ. नाहीतर मीच कापलो असतो." ती हे थट्टेत म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पेटी उघडली तर जेवलेल्या सुरीच्या धारेवर मधोमध एक बारीकशी खाच पडलेली. सहा-आठ महिने कुणी हात लावला नव्हता, म्हणजे मीच लावला नव्हता. मॅडम म्हणाल्या, नवीन पात्यांवर कर, दोन दिवस घालवू नकोस, सगळे वाट बघताहेत. बरोबरच होतं त्यांचं. सतीश दिवसातून चारदा फोन करत होता. पण नव्या पात्यांवर हाडाचं काय होतं ते मी पाहिलं होतं, आणि उपाशीवर काय होतं तेही. मी मॅडमना "दोन दिवस" एवढंच सांगितलं आणि काचेच्या जाड पाटीवर बारीक पूड टाकून घासायला बसले. पुढे, मागे, उलटी करून पुढे, मागे. बोटं काळी झाली, खांदा भरून आला. खाच जाईपर्यंत पहिला दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ. आयुष्यात मी इतकं भीत भीत कुठल्या वस्तूकडे पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अक्का स्वतः आली. पेशंटने आत यायचं नसतं, पण तिला कोण अडवणार? सतीशने धरून आणलं, माझ्या मागच्या स्टुलावर बसवलं, आणि तो बाहेर जाऊन थांबला. "मी काही बोलत नाही, तू काप," असं म्हणून ती खरंच गप्प झाली, आणि ते जास्त वाईट होतं. मेणाचा ठोकळा यंत्रात घट्ट केला. त्यात ती पांढरी काडी दिसत होती, नखाएवढी, तेवढीच. सुरीचे स्क्रू एकदा आवळले, पुन्हा तपासले, मग तिसऱ्यांदा. चाक फिरवलं. वरचं नुसतं मेण गेलं, मग हाडाची कड लागली, पहिला काप आला, दुसरा... आणि तिसऱ्याला आवाज आला. कर्र. अगदी बारीक, नख भिंतीला लागावं तेवढा. बाहेरच्या माणसाला ऐकूसुद्धा आला नसता. पण त्या खोलीतल्या दोघींना तो चांगलाच ओळखीचा होता.

माझा हात चाकावर होता. अजून थोडं खाली गेलं की कण संपेल, हेच पुन्हा मनात आलं, त्याच शब्दांत. सुरी थरारली नव्हती, जेवलेली ती, तिने सहन केलं होतं. कापावर रेघसुद्धा नव्हती. पुढे गेले असते तर कदाचित निभावलंही असतं. मागून काही आवाज येईना. मला वाटलं अक्का आता बोलेल, आता बोलेल, आणि माझ्या लक्षात आलं की ती बोलणार नाही. मी चाकावरून हात काढला. चाकाची खिट्टी लावली, ठोकळा सोडवून घेतला, आणि तोंड खाली करून आम्लाच्या बशीत ठेवला, म्हणजे वरवरचा चुना तेवढा विरघळेल. याला तासभर लागतो. मी वळले तर अक्काने दोन्ही हातांनी स्टुलाची कड गच्च धरली होती.

तो एक तास आम्ही दोघी तिथे बसून होतो. तिला कॉफी आणून दिली, ती तिने अर्धी प्याली. येलहंक्याची बस आता घरापासून लांब थांबते, सतीशच्या बायकोला स्वयंपाकात मीठ कळत नाही, निपाणीला भावाने घराला काहीतरी भयंकर रंग दिलाय... असलं ती बोलत राहिली. बशीकडे एकदाही बघितलं नाही. मध्येच म्हणाली, "त्या आनेकलच्या बाईला तुला एकटीला सांगायला लावलो. राग आलता नव्हं तुला?" मी म्हटलं, आला होता. अजून आहे थोडा. "असूं दे," ती म्हणाली, आणि पुन्हा भावाच्या घराच्या रंगावर गेली.

तासाने ठोकळा धुऊन पुन्हा चढवला. या वेळी आवाज आला नाही. काप एकामागून एक पट्टीने निघत गेले, गुळगुळीत, आणि मी ते काचेवर घेत गेले. आठ झाले. पुरेसे होते, पण मला धास्ती, एखादी काच फुटली तर, रंग बिघडला तर, म्हणून मी आणखी काढायला गेले. तेव्हा ती त्या दिवसातलं पहिलं कामाचं बोलली. "पुरे," ती म्हणाली. "सगळं संपवायचं नसतं. पुढं कुणाला लागंल." मी थांबले. मेणात अर्धी काडी शिल्लक होती.

काच रंगवून झाली तेव्हा ती आधी अक्काने मागितली. मॅडमच्या आधी. देऊ नये हे मला माहीत होतं, आणि मी दिली. तीस वर्षं काप काढलेल्या बाईला सूक्ष्मदर्शकात काय दिसतं ते कळतं. तिला कळणार नाही, हे शक्यच नव्हतं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मग डोळा काढून, चष्मा लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एक रेघ नाही, मंजू. किती चांगलं कापलीस गं." आणि काच माझ्या हातात दिली, "मॅडमना दे." ती सतीशच्या हाताला धरून बाहेर गेल्यावर मी पाहिलं. जिथे असायला नकोत तिथे घोळक्याने बसलेल्या पेशी. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काप होते ते, आणि त्यांत सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की शंका घ्यायलाही जागा नव्हती. त्या क्षणी मला वाटलं, वाकडं कापलं असतं तर बरं झालं असतं. अजूनही कधी कधी वाटतं. पण रोगाचं निदान स्पष्ट झालं म्हणून औषध नेमकं मिळालं, दुखणं कमी झालं, आणि ती अकरा महिने जगली. त्यात एकदा निपाणीला जाऊन भावाशी घराच्या रंगावरून भांडूनही आली.

मागच्या आठवड्यात सतीश लॅबमध्ये आला. आत्याचं काही राहिलं असेल तर न्यावं म्हणून. मी त्याला तिचा एप्रन दिला, चष्म्याचं घर दिलं, तिच्या हाताने गुळगुळीत झालेला चामड्याचा पट्टा दिला. "आणखी काही हाय का, मंजूताई, तिचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, एवढंच. तो पिशवी छातीशी धरून गेला. मग मी ठोकळ्यांचा खण ओढून तिचा नंबर शोधला. नियमाने ठरलेली वर्षं सगळे ठोकळे ठेवावे लागतात, त्यांतला हा एक; काडेपेटीहून लहान, धुळकट मेणाचा, आणि त्यात ती पांढरी अर्धी काडी, जशीच्या तशी. बाकी सगळं पाच आठवड्यांपूर्वी येलहंक्याच्या स्मशानात जळून गेलं. त्या दिवशी ती "पुरे" म्हणाली, म्हणून अक्का एवढी तरी उरली आहे.